चकाकीचा भाव

भोपाळच्या पूर्व अंगाला पिपलानी, बरखेडा आणि गोविंदपुरा या वसाहती ज्या कारखान्यामुळे वसल्या, त्याचे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. १९५६ साली इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या साहाय्याने 'हेवी इलेक्ट्रिकल्स'ची उभारणी सुरू झाली. १९६० साली पंडित नेहरूंनी हा कारखाना राष्ट्रास अर्पण केला आणि १९७४ साली तो 'भेल'मध्ये विलीन झाला. वीजनिर्मितीची जलचक्रे, ट्रान्सफॉर्मर, रेल्वे इंजिनांच्या मोटारी असा प्रचंड माल तेथे तयार होतो. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे गेली. त्यांत कोकणातली आणि देशावरची मराठी कुटुंबेही होती. त्या काळच्या क्वार्टरांचा आराखडा सायकलवाल्या कामगारासाठी होता. दारात मोटार उभी राहील हे आखणाऱ्यांच्या फारसे मनात नसावे. आज त्याच क्वार्टरांसमोर, झाडांखाली, मोटारींच्या रांगा लागलेल्या दिसतात आणि वसाहतीभोवतीच्या बाजारात एक नवा धंदा पाय रोवून बसला आहे. त्याला 'डिटेलिंग' म्हणतात. मोटार धुणे, घासणे, उजळणे आणि त्या उजाळ्यावर संरक्षक लेप चढविणे असा हा उद्योग आहे.

पिपलानीतून निवृत्त झालेल्या आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनी नवी गाडी घेतली, अर्थात हप्त्यांवर. गाडी घरी येऊन आठवडाही झाला नसेल तोच तिच्यावर 'सिरॅमिक' लेप चढविण्याचे अंदाजपत्रक आले. आकडा अठ्ठावीस हजारांचा होता आणि वर शेकडा १८ जीएसटी. आमच्या स्नेह्यांनी तो कागद आम्हांस दाखविला तो तक्रार म्हणून नव्हे. आयुष्यभर ज्यांनी लोखंड मोजून कापले त्यांना या रकमेचे माप काही केल्या सापडेना, एवढेच. हे माप शोधून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण तसला कागद आता पणजी, मडगाव, म्हापशातही घरोघर येऊ लागला आहे.

आधी दर पाहू. साबणाच्या फेसाने साधी धुलाई चारपाचशे रुपयांत होते. आतील गाद्या, छत, गालिचे यांची सफाई दीड हजारापासून चार हजारांपर्यंत जाते. सिरॅमिक लेप पंधरा-वीस हजारांपासून सुरू होतो आणि गाडीचा आकार व दुकानाचा थाट यांच्या प्रमाणात पन्नास हजारांपर्यंत चढतो. साऱ्या गाडीवर पारदर्शक प्लॅस्टिकचे कातडे चढवायचे, ज्याला हे लोक पीपीएफ म्हणतात, तर लाखाच्या आसपासची व त्यापुढची रक्कम लागते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली तेव्हा अख्ख्या गाडीची किंमत पन्नास हजारांच्या घरात होती. महागाईचा हिशेब धरला तरी हा मजकूर वाचताना जुन्या माणसाला भोवळ येणे स्वाभाविक आहे.

परंतु रक्कम मोठी आहे म्हणून ती अन्यायाची ठरत नाही. काम प्रामाणिकपणे केले तर त्यात मेहनत अपार आहे. आधी धूळ फुगवून सोडवायची, मग रंगात रुतलेले लोहकण रसायनाने विरघळवायचे, उरलेली खरखर चिकणमातीसारख्या गोळ्याने ओढून काढायची, त्यानंतर यंत्राच्या फिरत्या गादीने तुकड्या-तुकड्याने पत्रा उजळायचा आणि शेवटी हाताने लेप लावून तो सुकू द्यायचा. दोन माणसांचे दोन दिवस सहज जातात. कारागिराची रोजी सातशे धरली तर मजुरीचे अठ्ठावीसशे झाले. लेपाची बाटली, गाद्या, कापडे, जागेचे भाडे, वीज हे सारे त्यात मिळवा. दुकानदाराचा नफाही मिळवा, कारण नफा हे पाप नव्हे. इतके करूनही अठ्ठावीस हजारांपर्यंत पोहोचायला बरीच चढण उरते. ती चढण कशाची, हे अंदाजपत्रकात कोठेच लिहिलेले नसते.

आमच्या मते ती 'हमी' नावाच्या शब्दाची असते. पाच वर्षांची हमी, सात वर्षांची हमी. खालच्या बारीक अक्षरांत मात्र अट असते की दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने त्याच दुकानात, पैसे भरून, देखभाल करून घेतली पाहिजे; एक फेरी चुकली की हमी संपली. दुसरा असा शब्द म्हणजे '९एच'. ग्राहकाला वाटते की हिऱ्याच्या जवळपासचा काही कठीणपणा आपण विकत घेत आहोत. वास्तविक हे माप चित्रकाराच्या पेन्सिलीचे आहे. कोणत्या शिशाच्या पेन्सिलीने थरावर ओरखडा उठतो एवढेच ते सांगते. सिलिकॉनच्या संयुगाचा हा लेप एकदोन मायक्रॉन जाडीचा असतो. त्याने पाणी थेंबाथेंबाने ओघळते, मळ लवकर सुटतो, चमक टिकते. हे गुण खरे आहेत आणि ज्याला हवे त्याने त्यांचे मोल द्यावे. पण महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेल्या खड्यापुढे त्या लेपाचे काही चालत नाही. तेथे दीडशे-दोनशे मायक्रॉनचे ते प्लॅस्टिकचे कातडेच उपयोगी पडते. दोन्ही वस्तू एकाच तोंडाने 'संरक्षण' म्हणून विकल्या जातात, ही लबाडी आहे.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिपलानीच्या घरांत हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. जलचक्राचा दांडा कातणाऱ्यांच्या जेवणातही तो येत असेल. म्हणूनच पुढचा हिशेब त्यांनी इतरांस शिकवावा असे आम्हांस वाटते. मोटारीच्या पत्र्यावरचे सर्व थर मिळून जाडी शंभर ते दीडशे मायक्रॉन भरते. त्यांतला सर्वांत वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. भर उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे वर्तुळाकार ओरखडे दिसतात, ते या थरातले. ओरखडा 'काढला' असे दुकानदार म्हणतो तेव्हा त्याने तो भरलेला नसतो. भोवतालचा थर ओरखड्याच्या तळाशी येईपर्यंत घासून खाली आणलेला असतो. प्रत्येक वेळी काही मायक्रॉन कायमचे जातात. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचविणारे द्रव्य याच थरात असते. दर दसऱ्याला हौसेने 'रबिंग' करून घेणारा मालक आपल्या गाडीचे वय आपल्याच पैशाने कमी करीत असतो. थराची जाडी मोजणारे खिशात मावेल एवढे यंत्र मिळते. कामाआधी आणि कामानंतर त्याचे आकडे न देणाऱ्या दुकानात गाडी सोडू नये.

हे ओरखडे येतात तरी कोठून? मे महिन्यात भोपाळचा पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, माळव्याची काळी धूळ पत्र्यावर बसते, झाडांचा चीक आणि पाखरांची विष्ठा तापलेल्या रंगात उतरते, बोअरच्या जड पाण्याचे डाग पडतात. ही झाली निसर्गाची बाजू. पण जाळे मुख्यत्वे विणतो तो पहाटेचा फडका. सकाळी सायकलवर बादली अडकवून येणारा मुलगा एका बादलीत, एका फडक्याने, दहा गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची माती दहाव्या गाडीवर घासली जाते. त्याला महिन्याला गाडीमागे पाचसहाशे रुपये मिळतात. मालक त्याला फडका देत नाही, दुसरी बादली देत नाही, आणि वर्षअखेर त्याच फडक्याचे ओरखडे काढण्यासाठी वीस हजार मोजतो. शंभर-दीडशे रुपयांची मायक्रोफायबरची दोन कापडे आणि एक जादा बादली त्या मुलाच्या हाती दिली असती तर? या साध्या हिशेबाकडे चांगली शिकलेली माणसे दुर्लक्ष करतात, कारण त्यात मिरविण्यासारखे काही नाही.

दुकानातल्या कारागिराची स्थिती याहून बरी आहे असे मात्र समजू नये. लेपावर धूळ बसू नये म्हणून खोली बंद ठेवतात; त्या बंद खोलीत द्रावकांची वाफ कोंडते. घासणीची भुकटी उडते. चाकांवरचा ब्रेकचा काळा थर झटपट काढण्यासाठी स्वस्तातली आम्लयुक्त रसायने वापरली जातात, आणि त्यांतल्या काहींत असलेली फ्लोराइडे कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतात. काचेच्या दर्शनी भिंतीआडून ग्राहक कॉफी पीत हे सारे पाहतो. मुलाच्या तोंडावर गाळणीचा मुखवटा आहे काय, हातात मोजे आहेत काय, हे पाहावे असे त्याच्या मनात येत नाही. अठ्ठावीस हजारांत शेदोनशेचा मुखवटा बसत नसेल तर त्या धंद्याविषयी अधिक काय लिहावे!

आमच्या पिढीतले काही वाचक म्हणतील, की गाडीवर जीव टाकणे हाच मुळी श्रीमंती चाळा आहे. आम्हांस हे मान्य नाही. ज्या काळात मोटारीसाठी आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे रांगेत नाव लावून बसावे लागे, त्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी वा उत्तरपाऱ्याची अँबॅसिडर एकदा घरात आली की ती कुटुंबातली होई. रविवारी बापलेक मिळून बॉनेट उघडीत, पाणी-तेल पाहत, शॅमॉयच्या कातड्याने काच पुसत. दसऱ्याला झेंडूची माळ चढे, चाकाखाली लिंबू चिरडे. त्या गाडीचा आवाज बदलला तर अंथरुणातून कळे. खरा शौकीन तो हाच. तो खर्च कमी करतो, कारण तो दुखणे लवकर ओळखतो. आणि एक गाडी पंचवीस वर्षे चालवून दोन गाड्यांचे लोखंड वाचवितो. १९६१ पूर्वी आमच्या गोव्यात ओपेल, मर्सिडीज, फोक्सवॅगन अशा परदेशी गाड्या मोठ्या संख्येने येत. मुक्तीनंतर त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा म्हापशा-मडगावच्या मिस्त्र्यांनी त्या केवळ हातच्या कसबावर चालत्या ठेवल्या. या कारागिरांची आठवण आज किती जणांना आहे?

गंमत अशी, की सरकारचे धोरण याच शौकिनाच्या मुळावर उठले आहे. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले. वीस वर्षांवरील गाडीला २०२५ च्या ऑगस्टपासून १०,००० रुपये लागतात. पन्नास वर्षे ओलांडली की मात्र २०२१ च्या नियमांप्रमाणे तीच गाडी 'व्हिंटेज' म्हणून कौतुकास पात्र ठरते आणि तिला वेगळा क्रमांक मिळतो. मधल्या तीस वर्षांत तिला कोणी सांभाळावे, आणि दंड भरत का सांभाळावे, याचे उत्तर नियमांत नाही. धूर मोजा, ब्रेक तपासा, सांगाडा ठोकून पाहा आणि जी गाडी नापास होईल ती खुशाल भंगारात घाला. पण केवळ जन्मतारीख पाहून शुल्क आकारणे हे परीक्षेचा कंटाळा केल्यासारखे आहे.

आता घरचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या शेकडा ४५ कुटुंबांकडे मोटार असल्याचे आढळले. देशात हे प्रमाण शेकडा साडेसातच्या आसपास आहे. म्हणजे डिटेलिंगवाल्यांना गोव्याइतकी सुपीक जमीन दुसरीकडे मिळणे कठीण. पण आमच्या गाड्यांचा शत्रू भोपाळच्या गाड्यांहून वेगळा आहे. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, आणि मासळीच्या ट्रकांतून महामार्गावर ठिबकणारे खारट पाणी, ज्याविषयी या स्तंभात आम्ही लिहून थकलो. गंज वरून लागत नाही. तो खालून, चाकाच्या कमानीतून आणि दरवाज्याच्या तळच्या भोकांतून चढतो. ती भोके मातीने बुजलेली आणि वरचा पत्रा आरशासारखा, अशा गाड्या आम्ही रोज पाहतो. चवथीच्या आधी आणि पाऊस सरल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवून घेणे आणि तेथे गंजरोधक मारणे याला खर्च थोडा लागतो, आणि तो सर्वांत आधी करावा. झिजलेल्या टायरवर लेप लावून गाडी चालविणाऱ्याविषयी तर बोलायलाच नको.

पाण्याचाही विचार करावा लागेल. बंगळूरला २०२४ च्या मार्चमध्ये टंचाई इतकी वाढली, की पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड लावावा लागला. बादलीने धुतले तर तीस-चाळीस लिटर पुरतात; नळी मोकळी सोडली की त्याच्या कितीतरी पट वाहून जाते. राजा भोजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावाच्या काठच्या शहराने आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या गावांनी दंडाची वेळ येण्याआधीच धुलाई केंद्रांना पाणी गाळून पुन्हा वापरण्याची सक्ती करावी.

अंदाजपत्रकात मजुरी, माल आणि हमी यांचे आकडे वेगवेगळे दाखविणे, थराच्या जाडीची नोंद ग्राहकास लेखी देणे, आणि कामगाराला मोजे व मुखवटा पुरविणे या तीन गोष्टींसाठी नव्या कायद्याची गरज नाही. ग्राहकांनी मागितल्या तरी त्या मिळू लागतील. कसब शिकविण्याची गोष्ट मात्र सरकारनेच करावयाची आहे. गोविंदपुऱ्यात आयटीआय आहे, आमच्याकडे फर्मागुडीला आहे. मोटारीचा रंग, त्याचे थर, ती रसायने आणि त्यांचे धोके यांचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम तेथे येत्या सत्रापासून सुरू करता येण्याजोगा आहे, आणि त्याला पहिला प्रवेश पहाटे बादली घेऊन फिरणाऱ्या मुलांना द्यावा.