दया हवी, पण पुरती!

दिवाळी सरली की जळगाव काय आणि धुळे काय, गल्लीबोळांत कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. त्यांतले एखादे मलूल होऊन गटाराशेजारी पडते. अंगावरचे केस गेलेले, डोळ्यांना चिपडे, वर जुलाब. शाळेतून येणारी मुले ते उचलून घरी आणतात आणि आई ओरडते. मुलांच्या या दयेला दटावू नये, असे माझे मत आहे. मात्र अर्धवट दया पिल्लाला तारत नाही आणि माणसाच्या जिवावर बेतू शकते.

२०२५ साली उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात एका २२ वर्षांच्या राज्यस्तरीय कबड्डीपटूचा रेबीजने मृत्यू झाला. नाल्यात अडकलेले पिल्लू बाहेर काढताना ते त्याच्या बोटाला चावले होते. जखम किरकोळ म्हणून त्याने लस घेतली नव्हती. पिल्लू लहान म्हणजे धोकाही लहान, ही समजूत अशी महाग पडते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो; वेळेवर उपचार घेतले तर मात्र तो टाळता येतो.

म्हणून आधी माणसाची काळजी. पिल्लू मोठ्यांनीच, जुन्या जाड टॉवेलात गुंडाळून उचलावे. दात किंवा नख लागले, अथवा खरचटलेल्या जागी त्याने चाटले, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. पोटातील १४ इंजेक्शनांची धास्ती आता विसरावी. आता लस दंडात देतात. त्वचेत द्यावयाची लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७ व २८ व्या दिवशी घ्यावी लागते. जखमेतून रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. डोस मध्येच सोडू नयेत.

मग पिल्लाकडे वळावे. खरजेवर गॅरेजमधले जळके ऑइल चोपडण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पिल्लू ते चाटते आणि विषबाधा होते. घरातली पॅरासिटामॉलची गोळीही कुत्र्याला घातक ठरू शकते. रक्ताचे जुलाब व उलट्या होत असतील तर पार्व्होची शंका घेऊन पिल्लाला तातडीने पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पार्व्हो माणसाला होत नाही, पण त्याचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो. त्या जागी लस न दिलेले दुसरे पिल्लू आणू नये. कुत्र्याची खरूज आणि पोटातले जंत मात्र माणसालाही त्रास देतात. म्हणून पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी.

पिल्लू बरे झाले की खरी परीक्षा सुरू होते. कोणाच्या तरी केळीच्या बागेत ते सोडून येणे म्हणजे त्याला घर मिळवून देणे नव्हे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली आहे. पिल्लू देण्यापूर्वी समोरच्याला तीन गोष्टी विचाराव्यात. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस व पुढचे डोस कोण देणार? नसबंदी कोण करून घेणार? आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात त्याला सावली व पाणी कोण देणार? उत्तर मिळाले नाही, तर दुसरे घर शोधावे.

हा खर्च आणि ही धावपळ एकट्यादुकट्याला जड जाते, हे खरे. पण गणपतीसाठी आपल्या प्रत्येक गल्लीत वर्गणी जमते. त्यातला थोडा हिस्सा मंडळांनी पिल्लांच्या लसीसाठी बाजूला काढावा, अशी माझी सूचना आहे. लस दिलेले कुत्रे गल्लीतल्या पोरांचेही रक्षण करते.