सुई बदलली, सिरिंजचे काय?

थंडीताप आला की ‘डॉक्टर, एक इंजेक्शन द्याच’ असा आग्रह अजूनही होतो आणि गल्लीतल्या दवाखान्यात तो बहुधा पुरवलाही जातो. गुजरातमधील मोडासा येथे २००९ मध्ये ‘हेपटायटिस बी’ची साथ पसरली, अनेकांचे प्राण गेले. तपासाचा रोख वळला तो दवाखान्यांत पुन्हा वापरल्या गेलेल्या सिरिंजकडे. भंगारात वापरलेल्या सिरिंजचे साठेही सापडले.

नवी सुई लावली की झाले, हा समज घातक आहे. इंजेक्शन देताना रक्ताचा सूक्ष्म अंश सिरिंजमध्ये शिरू शकतो. तीच सिरिंज, भले सुई बदलून, अनेक डोसच्या बाटलीत पुन्हा घातली तर बाटलीतले सगळे औषधच दूषित होऊ शकते. हा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. टेबल नुसते ओल्या फडक्याने पुसून भागत नाही.

पुन्हा वापरताच येणार नाहीत अशा सिरिंज घ्याव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सुचवले. त्या थोड्या महाग पडतात, पण यकृताच्या कर्करोगाचा खर्च कोण मोजणार? वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावण्याची सवयही सोडायला हवी. त्यात टोचते ते मदतनीसालाच. सुई थेट जाड, न भेदणाऱ्या डब्यात जावी.

सिरिंजचे पाकीट समोर फोडायला सांगणे हा डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे. आणि साध्या सर्दीतापाला गोळीने भागत असेल, तर इंजेक्शनचा हट्ट रुग्णांनीच सोडावा.