सगळी जागा वाटून टाकू नका

लिनक्स बसवताना डिस्कचे तुकडे एकदाच पाडून मोकळे होण्याची सवय सोडायला हवी. रूटला ५० जीबी, उरलेले सगळे होमला, हा हिशेब पहिल्या दिवशी नेटका दिसतो. पुढे रूट काठोकाठ भरते आणि शेजारचे होम अर्धे रिकामे राहते. १९९८ साली हाइन्झ माउएल्सहागेन यांनी लिनक्ससाठी लिहिलेले लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजमेंट, म्हणजे एलव्हीएम, यावरच तोडगा देते. डिस्कवरची जागा ते एका सामाईक साठ्यात घेते, तिचे सहसा ४ एमबीचे भाग पाडते आणि लागतील तसे वाटते. हे भाग सलग असण्याचीही गरज नसते. त्यामुळे साठ्यात जागा शिल्लक असेल, तर 'एलव्हीएक्स्टेंड'च्या एका आज्ञेत, संगणक चालू असतानाच रूट वाढवता येते. पण शिल्लक आरंभीच संपवली, तर दुसरीकडून कापावे लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे: ईएक्सटी४ फाइलसिस्टिम लहान करण्यासाठी आधी अनमाउंट करावी लागते, एक्सएफएसच्या बाबतीत तर ती वाट जवळपास बंदच आहे.

एका डिस्कसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण 'पीव्हीक्रिएट', 'व्हीजीक्रिएट', 'एलव्हीक्रिएट' या तीन पायऱ्यांपलीकडे त्यात फारसे काही नाही. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: दोन डिस्कवर पसरलेल्या साध्या व्हॉल्यूममधली एक डिस्क गेली, की सगळाच डेटा धोक्यात येतो. म्हणून बॅकअप वेगळा हवाच. एलव्हीएम विमा नव्हे. वाटणीतली चूक दुरुस्त करायची ती सोय आहे, आणि ती हाताशी राहावी म्हणून थोडी जागा राखलेली बरी.