कोंबडी कुणाची?

गेल्या उन्हाळ्यात बचत गटाच्या बैठकीला एक ताई उशिरा आल्या आणि दाराशीच टेकल्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, "नको, अंगाला वास आहे." डोळे लाल झालेले, मधूनमधून कोरडा खोकला. त्यांच्या घरामागे पाच हजार पक्ष्यांची पोल्ट्री आहे. दोन दिवसांपूर्वी बॅच उचलून नेली होती आणि त्या सकाळपासून शेडमधलं तूस ओढत होत्या. विष्ठेनं भिजलेल्या तुसातून अमोनिया निघतो, तो डोळ्यांत आणि छातीत जातो. तोंडाला पदर बांधायचा, एवढाच त्यावर उपाय.

बैठक संपल्यावर त्यांनी कंपनीचं बिल दाखवलं. नाव अर्थातच नवऱ्याचं. उन्हानं पक्षी मेले म्हणून पैसे कापले होते. त्या म्हणाल्या, "पिल्लं कंपनीची, दाणा कंपनीचा, औषध कंपनीचं. मेली की मात्र आमची."

करारपद्धतीच्या कुक्कुटपालनाचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही. कंपनी एक दिवसाची पिल्लं आणून टाकते, शेतकरी ती साधारण चाळीस दिवसांत दोन किलोची करून परत देतो आणि वजनावर संगोपनाचा दर घेतो. शेड त्याची, त्यावरचं कर्ज त्याचं, वीज-पाणी त्याचं. खाद्य जास्त लागलं, मरतूक वाढली, की दर खाली. आणि 'त्याचं' म्हणजे कुणाचं? पहिले दहा-बारा दिवस पिल्लांना ऊब कमी पडू नये म्हणून रात्रीतून तीनदा उठणारी, भांडी घासणारी, मेलेले पक्षी वेचून पुरणारी बाईच असते. ती मजूर नाही, कारण काम 'घरचं' आहे. आणि मालकही नाही, कारण करार तिच्या नावावर नाही.

मला यात सर्वांत जास्त बोचते ती वेगळीच गोष्ट. शेतकऱ्याच्या घरात गाय-बैल पुरुषाचे असत, पण कोंबडी बाईची असे. चार अंडी विकून आलेले पैसे कुणी विचारत नसे. वहीची, बांगड्यांची, दवाखान्याच्या एसटीची सोय त्यातून होई. कोंबडी खुडूक झाली की रवणीला बसवायची, तलंगा मोठ्या करायच्या, लेकीला सासरी जाताना एक जोडी द्यायची, हे सगळं ज्ञान बाईकडे होतं आणि निर्णयही तिचा. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पिंजऱ्यातली संकरित कोंबडी तीनशेच्या वर. पण त्या साठ अंड्यांवर बाईची मालकी होती. तीनशेंच्या हिशेबात ती कुठेच नाही. विकासाची आकडेवारी मांडताना हा रकाना आपणही फारसा भरलेला नाही.

आणि त्या पक्ष्याचं काय? अंड्यांच्या कोंबडीला पिंजऱ्यात फुलस्केप कागदाएवढीही जागा नसते. पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही. गर्दीत एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच चोच छाटतात. अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं जन्मताच मारली जातात. मांसाच्या पक्ष्याची छाती इतकी भराभर वाढवलेली असते की शेवटच्या आठवड्यात अनेकांचे पाय ते वजन पेलत नाहीत. हालचालीला पुरेशी जागा न देता प्राणी कोंडणं १९६०च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. २०१७ मध्ये विधी आयोगानं २६९व्या अहवालात कोंबड्यांसाठी नियमांचे मसुदेही करून दिले. इथे बाईच्या आणि कोंबडीच्या देहाची तुलना करण्याचा मोह होतो. मी तो टाळते. तुलना केली की काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि तूस ओढणारी बाई तिथेच राहते.

रोग आला की तो शेडच्या भिंतीत राहत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये झाला. तेव्हा परिसरातल्या घराघरांतल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच. मोबदला पक्ष्यांच्या नगावर ठरतो. त्या कोंबडीपासून पुढे होणाऱ्या पिल्लांचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नसतो. औषधांचीही तीच गत. कोलिस्टिन हे माणसावर इतर काही लागू पडेना की शेवटी वापरायचं औषध, पण ते पक्ष्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात मिसळलं जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं त्यावर बंदी घातली. बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गात औषध लागू पडलं नाही तर काय होतं, हे आपल्यापैकी आरोग्यावर काम करणाऱ्यांना सांगायला नको.

हे वाचून कुणी म्हणेल, मग अंडी खाऊच नका. हे सोवळं मला मान्य नाही. पंडुरोगी बायका आणि अंगणवाडीतली पोरं यांच्या ताटातलं अंडं काढून घेणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही. राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये थांबवला, तेव्हा त्याविरुद्ध आपण बोललोच पाहिजे. स्वस्त अंडं पोल्ट्रीमुळे गरिबाला मिळालं हेही खरं आहे. पण ते स्वस्त कुणाच्या जिवावर झालं, हे विचारायला काय हरकत आहे? २०१९च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटींवर कोंबड्या-बदकांपैकी जवळपास ३२ कोटी परसातल्याच निघाल्या आणि मागच्या गणनेपेक्षा त्या बऱ्याच वाढलेल्या होत्या. मग अंगणवाडीची अंडी त्याच गावातल्या बायकांच्या गटाकडून का घेऊ नयेत? मानमोडीची लस वेळेवर गावात पोचली तर परसातल्या निम्म्या अडचणी मिटतात. ही मागणी पशुसंवर्धन खात्याकडे आपण एकत्र का करू नये?

ताईंचं बिल घेऊन आम्ही कंपनीच्या कचेरीत गेलो होतो. कापलेल्या पैशांबद्दल सुपरवायझर काही बोलला नाही. करारावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव घालता येईल का, असं विचारलं, तर म्हणाला, "शेड ज्याच्या सातबाऱ्यावर, त्याचीच सही."

सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचं नाव आहे. ताई परवा भेटल्या तेव्हा नवी बॅच आली होती. पण शेडमागच्या डालग्याखाली त्यांनी तेरा अंडी रवणीला घातली होती, आणि ती कंपनीच्या माणसाला दिसू नयेत म्हणून वर गोणपाट टाकलं होतं. पोल्ट्रीजवळ गावठी कोंबडी पाळायची नाही, असं करारात लिहिलेलं आहे.