इथेनॉल ठीक, पण डिझेलचे काय?

‘इथेनॉलमुळे परदेशी तेलाचे जोखड उतरेल’ असा दावा करणारे पत्र वाचले. मी उसाच्या पट्ट्यातलाच, त्यामुळे इथेनॉलचे वावडे नाही. डिस्टिलरीच्या पैशामुळे कारखान्यांना ऊसबिले देणे सोपे झाले, हे खरेच. पण हिशेब पुरा मांडावा. इथेनॉल मिसळतात पेट्रोलमध्ये. देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून जास्त आहे. शिवाय लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणजे २० टक्के मिश्रणाने २० टक्के पेट्रोल वाचत नाही. त्यात पाण्याची तहान वेगळीच. पाऊसमान घटल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानेच उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घातले होते. पत्रलेखक हे सोयीस्करपणे विसरले.

तेलआयातीवरील अवलंबित्व २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी घटवू, असे २०१५ मध्ये जाहीर झाले. तेव्हा ते ७७ टक्क्यांच्या आसपास होते, आज ८५ च्या पुढे आहे.

खरी बचत मालवाहतुकीत आहे. कोकण रेल्वेची रो-रो सेवा १९९९ पासून चालू आहे: भरलेले ट्रक उघड्या वाघिणींवर चढतात, चालक केबिनमध्येच बसून असतो आणि घाटवळणांत जळणारे डिझेल वाचते. २०२२ मध्ये या मार्गाचे विद्युतीकरणही पूर्ण झाले. मग अशी सेवा इतर गर्दीच्या मार्गांवर का वाढवत नाहीत? लोकप्रतिनिधींनी इथेनॉलच्या सत्कारसमारंभांतून सवड काढून हा प्रश्न रेल्वेमंत्र्यांना विचारावा.

– एक वाचक, कराड