पस्तीस डॉलरचं समाधान

अमेरिकेत मधुमेहींच्या वतीने लॉबिंग करणाऱ्या स्वयंसेवकांना आधी काय शिकवतात, तर रडायचं कसं. शब्द अर्थात वेगळे असतात. ‘तुमची गोष्ट दोन मिनिटांत सांगा’, ‘मागणी एकच ठेवा’, ‘आभार मानायला विसरू नका.’ मी टाइप वनवाली, मिनेसोटात राहते, अशा भेटींना दोनदा गेले आहे. सिनेटर स्वतः भेटले नाहीत. भेटला तो त्यांचा पंचविशीतला सहायक. मग फोटो, मग इन्स्टा, मग घरी.

भेटी वाया जातात असं मी म्हणत नाही. टाइप वनच्या संशोधनासाठी अमेरिकी संसदेनं १९९७ साली खास निधी सुरू केला. तो कायमचा नाही, मुदत संपली की पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो. १९९९पासून टाइप वन असलेली पोरं दर दोन वर्षांनी वॉशिंग्टनला जाऊन खासदारांना गाठतात, ते यासाठीही. टेप्लिझुमॅब हे औषध २०२२मध्ये मंजूर झालं. ते आजाराची सुरुवात साधारण दोन वर्षं पुढे ढकलतं. त्याची चाचणी ज्या संशोधन-जाळ्यात झाली, ते याच निधीवर चालतं. पोरांचं श्रेय पोरांना.

माझं भांडण दुसऱ्या मागणीवरून आहे. ‘संशोधनाला पैसे द्या’ म्हटलं की कुणाच्याच पोटात दुखत नाही. ‘किंमत उतरवा’ म्हटलं की दुखतं, म्हणून ती मागणी कुजबुजत केली जाते. रुग्णांच्या काही मोठ्या संघटनांना औषध कंपन्यांच्याच देणग्या मिळतात, हे काही गुपित नाही.

१९२३ साली इन्सुलिनचं पेटंट शोधकर्त्यांनी टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला दिलं. ह्युमॅलॉगची बाटली १९९६ साली २१ डॉलरला होती. २०१९मध्ये २७५ डॉलरच्या आसपास. आतलं औषध तेच! (भारतात ह्यूमन इन्सुलिनच्या किमतीला सरकारनं मर्यादा घातली आहे. त्यामुळे नाशिकच्या मेडिकलवाल्यानं मला बिल देताना कधी घाम फोडला नाही. स्ट्रिप्सचं बिल ही वेगळी रड आहे.)

आमच्याच राज्यातला अ‍ॅलेक स्मिथ २६ वर्षांचा झाला आणि आईच्या विम्यातून बाहेर पडला. महिन्याला तेराशे डॉलर परवडेनात, म्हणून तो इन्सुलिन पुरवून पुरवून वापरायला लागला. महिन्याभरात, जून २०१७मध्ये, गेला. त्याच्या आईनं आणि इतर रुग्णांनी विधिमंडळाची पाठ सोडली नाही, आणि २०२०मध्ये त्याच्या नावाचा कायदा झाला: तातडीच्या वेळी ३५ डॉलरमध्ये महिन्याचं इन्सुलिन. तो लागू होण्याच्या आदल्या दिवशी औषध कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. आभार मानून भेट संपवणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी, ३० जून २०२०.

मग देशपातळीवर ३५ डॉलरची मर्यादा आली, २०२३पासून, पण मेडिकेअरवाल्यांना, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांना. खासगी विम्यालाही ती लावायचं कलम सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ मतांनी पडलं. हो, ५७ मतं बाजूनं असून पडलं, कारण ६० लागत होती. आणि मुळात ही मर्यादा रुग्णाच्या खिशातून किती जावं यावर आहे. औषधाच्या किमतीला ती हात लावत नाही. ज्याच्याकडे विमाच नाही, त्याला या कलमाचा काय उपयोग?

‘पण आता कंपन्यांनीच भाव उतरवले ना?’ उतरवले. मार्च २०२३मध्ये एली लिलीनं ७० टक्के कपात जाहीर केली, बाकी दोघी मागोमाग आल्या. मेडिकेडच्या सवलतीचा नियम १ जानेवारी २०२४पासून बदलणार होता, आणि यादीतला भाव चढाच ठेवला असता तर कंपन्यांवरच सरकारला उलट पैसे मोजायची पाळी येऊ शकत होती. याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा. मला यात कायद्याचा धाक दिसतो. आमच्या दोन मिनिटांच्या गोष्टींनी कुणाला पाझर फुटलेला नाही.

इथली आपली मंडळी मात्र निवांत आहेत. ‘आपल्याला कंपनीचा विमा आहे गं.’ एच-वन-बीवर असलेल्यांची नोकरी गेली की दुसरी शोधायला जेमतेम ६० दिवस, आणि विमा नोकरीबरोबरच जातो. दक्षिण आशियाई लोकांत टाइप टू किती, ते मंडळाच्या गणेशोत्सवात मोदकाला नको म्हणणाऱ्यांकडे बघून कळतं. ‘पण आपल्याला मत कुठे आहे?’ नसू दे. खासदाराच्या कार्यालयात भेटीची वेळ मागायला मत लागत नाही. त्या मतदारसंघातला पत्ता असला की पुरतं.