भोंगा वाजला, ऐकला कोणी?

७ मे २०२५ ची दुपार. चार वाजायला दोन मिनिटं असताना आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न आला, ‘वाजला का?’ चार वाजून पाच मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिलं, ‘मिक्सर चालू होता, कळलं नाही.’ बी विंगमधल्या काकांना काहीतरी ऐकू आलं होतं, पण ती ॲम्ब्युलन्स असावी असं त्यांचंच मत पडलं. मग कोणीतरी भलत्याच शहरातल्या भोंग्याचा व्हिडिओ टाकला आणि त्यावर अंगठ्यांची रांग लागली. देशभरातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी जाहीर झालेल्या ‘ऑपरेशन अभ्यास’ या सरावातला आमचा वाटा एवढाच.

या स्तंभात एरवी नळ, गटारं आणि फुटपाथ असतात. पण हवाई हल्ल्याचा सराव हासुद्धा जिन्याचा, गच्चीचा आणि शेजाऱ्याचाच विषय आहे. सैन्य त्याच दिवशी पहाटेआधी आपलं काम करून मोकळं झालं होतं. ५ मे रोजी सरावाचा आदेश निघाला तेव्हा प्रश्न ‘युद्ध झालंच तर’ असा होता. भोंगा वाजेपर्यंत ‘ऑपरेशन सिंदूर’, म्हणजे पाकिस्तानातल्या दहशतवादी तळांवरचा हल्ला, होऊनही गेलं होतं. तरी आमचा मिक्सर चालूच.

लोक बेफिकीर झालेत, हे यावरचं नेहमीचं उत्तर. मला ते पटत नाही. त्याच ग्रुपवर त्याच आठवड्यात ‘गव्हाची दोन पोती घेऊन ठेवू का’ आणि ‘एटीएम बंद होणार म्हणे’ हेही चाललं होतं. भीती होती, भरपूर होती. त्या भीतीचं करायचं काय, हे कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या आईला १९७१ च्या डिसेंबरमध्ये ते नेमकं सांगितलेलं होतं. गिरगावातली दोन खोल्यांची चाळ. तावदानांना लावायला खाकी कागद आणायचं काम मामाकडे, कणकेची खळ शिजवायचं आजीकडे, आणि चिकटवलेल्या कागदावरून ओलं फडकं फिरवून बुडबुडे काढायचं आईकडे. दिव्याला काळ्या कागदाची टोपी, मोटारींच्या हेडलाइटचा अर्धा भाग काळा. शाळेत भोंगा झाला की कानात कापूस आणि दातांत रुमाल धरून पालथं पडायचं. रात्री गल्लीतून स्वयंसेवक फिरत आणि फट दिसली की खालून हाक येई, ‘तिसरा मजला, उजेड!’ आई म्हणते, बॉम्बपेक्षा त्या हाकेची धास्ती जास्त. सगळ्या चाळीसमोर आपल्या मजल्याचं नाव निघणं म्हणजे काय, ते चाळीत राहिलेल्यालाच कळेल. युद्ध १६ डिसेंबरला संपलं. कागद मात्र सहजी निघेनात. खळ फार चांगली जमली होती. मोरीवरच्या झडपेच्या एका कोपऱ्यात तो खाकी तुकडा मी लहानपणी नखाने खरवडल्याचं मला आठवतं.

त्या पिढीचं देशप्रेम आपल्यापेक्षा जाज्वल्य होतं, असं यावरून कोणी म्हणेल. असेलही. मला दिसते ती कामाची वाटणी. घरातल्या प्रत्येकाच्या हाताला काहीतरी होतं आणि ते झालं की नाही हे बघणारा माणूस ओळखीचा होता.

२०२५ मध्ये मुंबईतला सराव क्रॉस मैदानावर झाला. जवानांनी, स्वयंसेवकांनी आपापलं काम चोख केलं, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण मैदान म्हटलं की लोक गोलाकार उभे राहणार आणि मोबाइल वर करणार, हे ठरलेलंच. आपण प्रेक्षक झालो, कारण जागाच प्रेक्षकांची दिली होती.

भर घातली ती वाहिन्यांनी. रात्रंदिवस पडद्यामागे भोंगा. इतका, की १० मे रोजी केंद्राला वाहिन्यांना बजावावं लागलं: जनजागृती सोडून अन्य कार्यक्रमांत हा आवाज वापरू नका, लोक त्याला सरावतील. सरावाचा खरा शत्रू सवय असते, हे सरकारी कागदावर इतकं स्पष्ट क्वचितच येतं.

‘क्षेपणास्त्राच्या काळात दिवे घालवून काय होणार?’ हा प्रश्न मला रिक्षावाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. क्षेपणास्त्राला आपला दिवा लागत नाही. पण स्फोटात माणसं नुसत्या बॉम्बने जखमी होत नाहीत, फुटलेल्या काचांनीही होतात. खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीलगत खाली बसा, ही सूचना १९७१ इतकीच आजही खरी आहे आणि तिला खर्च शून्य. सरावाला सरळ नकार देणारेही जगात झाले आहेत. १५ जून १९५५ रोजी न्यूयॉर्कमध्ये शांततावादी कार्यकर्त्या डोरोथी डे आणि त्यांचे सहकारी भोंगा झाल्यावर आसऱ्याला न जाता सिटी हॉलसमोरच्या बागेत थांबून राहिले. हायड्रोजन बॉम्बपासून तळघर वाचवत नाही, मग हे नाटक कशाला, असा त्यांचा सवाल होता. त्यांना अटक झाली. त्यांनी निदान भोंगा ऐकला होता.

आणि संकट आकाशातूनच येतं असं कोण म्हणतं? मुंबईने दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांची तयारी केली होती. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून गेल्यावर शहर हादरलं तेव्हा अनेकांना वाटलं, आले जपानी. प्रत्यक्षात व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उडालं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्या जोडीला कापूस. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. आग विझवताना ६६ अग्निशामक गेले. आता महाराष्ट्रातल्या सरावाच्या यादीतली नावं बघा: तारापूर, उरण, थळ, रोहा-नागोठणे, मनमाड, भुसावळ. अणुवीज केंद्र, तेल, खत, रसायनं, रेल्वे. शत्रू कधीच आला नाही तरी थळच्या किंवा रोह्याच्या माणसाला भोंग्याचा अर्थ कळायला हवा, कारण वायुगळतीला युद्ध लागत नाही.

म्हणून मैदानं पुरे. पुढचा सराव प्रभागात, सोसायटीत, चाळीत घ्या. गणपती मंडळाचे कार्यकर्ते मिरवणुकीत लाखोंची गर्दी दोरीने सांभाळतात, त्यांच्या हाती कामांची यादी द्या. वर्षातून दोनदा, कॅमेऱ्याशिवाय. आणि एवढं प्रत्येक घरात पाठ करून घ्या: आवाज खालीवर होत राहिला तर धोका, एकसुरी लांबला तर धोका टळला. आमच्या ग्रुपवर मी हे विचारलं तेव्हा एकालाही सांगता आलं नाही.

जाता जाता, उद्या खरंच अंधार करायचा म्हटलं तर जिन्यातले दिवे कुठून बंद होतात, हेही मी सेक्रेटरींना विचारलं. ते दिवे टायमरवर आहेत. टायमर कुठे बसवलाय ते एका इलेक्ट्रिशियनला माहीत होतं, आणि तो कधीच गावी निघून गेलाय.

— चाळकरी